रात्रीचा जाब

निरोगी माणूस झोपला की त्याचा रक्तदाब उतरतो. जागेपणीच्या सरासरीपेक्षा दहा ते वीस टक्के खाली येतो आणि पहाटे जाग येण्याच्या सुमारास पुन्हा चढू लागतो. हृदयाला, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना, मूत्रपिंडांना चोवीस तासांत मिळणारी उसंत ती एवढीच. वय झालं, मधुमेह जडला, मूत्रपिंडं थकली की ही उसंत आक्रसते. काहींचा दाब दहा टक्केही उतरत नाही. काहींचा तर रात्री दिवसापेक्षा वर जातो. सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात, डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली, शेजारच्या खाटेवरचं कण्हणं ऐकत पडलेल्या पंचाहत्तरीच्या माणसाचा दाब मध्यरात्री कुठे असतो? याचं खरं उत्तर बहुतेक वॉर्डांत कुणाकडेच नसतं.

कागदावर मात्र असतं. केसपेपरला जोडलेला तक्ता उलटून पाहा. रात्री दहाला १३०/८०, दोनला १३०/८०, सकाळी सहाला १३०/८०. दुसऱ्या दिवशी तेच, शेजारच्या खाटेचंही तेच. जिवंत माणसाचं हृदय इतकं आज्ञाधारक नसतं. दंडाला पट्टा न बांधताच आकडा लिहिला गेलाय, हे राउंडला येणाऱ्या मोठ्या डॉक्टरांना कळतं, निवासी डॉक्टरला कळतं, लिहिणाऱ्या सिस्टरला तर कळतंच. सगळ्यांना ठाऊक असलेलं खोटं रोज सकाळी फाइलला लागतं आणि त्यावर औषधाचा डोस ठरतो.

सिस्टरवर दात खाण्याआधी साधा हिशेब करा. रक्तदाब नीट मोजायचा तर माणसामागे पाच मिनिटं जातात. चाळीस खाटांची दोनशे मिनिटं, म्हणजे तीन तास वीस मिनिटं, आणि तीही एकाच फेरीची. जमिनीवर गाद्या टाकून झोपवलेले रुग्ण यात धरलेलेच नाहीत. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या रुग्णालयातही पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. तो तिन्ही पाळ्यांत वाटला तरी चाळीस खाटांना रात्री दोन-तीन जणी हव्यात. प्रत्यक्षात किती असतात ते कोणत्याही रात्री अकरा वाजता जाऊन मोजता येतं. एक सिस्टर, फार तर हाताशी एखादी शिकाऊ मुलगी. सलाइन संपत आलेली, एका कोपऱ्यात उलट्या, दुसऱ्या कोपऱ्यात मृत्यू, दारात आरडाओरडा करणारे नातेवाईक, आणि अख्ख्या वॉर्डात मिळून एक बीपीचं मशीन, ज्याच्या पट्ट्याचं वेल्क्रो कधीच धरत नाही. अशातही रात्री दोनला उठून खरोखर मोजणाऱ्या सिस्टर आहेत. त्यांना कुणी शाबासकी देत नाही, कारण त्यांचा खरा आकडा आणि शेजारणीचा खोटा आकडा कागदावर सारखेच दिसतात. खोटं लिहिणारी ती एकटी नाही. ज्या समाजाने तिच्या शेजारच्या दोन जागा वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवल्या, त्याने तिच्या हातून ते लिहून घेतलं आहे.

रात्रीचं हे प्रकरण वैद्यकाला नवं नाही. रिव्हा-रोच्चीने इटलीत दंडाला बांधायचा फुगता पट्टा १८९६ मध्ये आणला, रशियात कोरोत्कोव्हने स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकायची रीत १९०५ मध्ये सांगितली. तेव्हापासून डॉक्टर रक्तदाब मोजत आले ते दिवसा, त्यांच्या सोयीच्या वेळी. १९६९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी धमनीत बारीक नळी ठेवून हिंडत्या-फिरत्या, झोपत्या माणसांचा दाब सलग नोंदवला आणि झोपेतली उतरण डोळ्यांना दिसली. १९८८ मध्ये डब्लिनच्या डॉक्टरांनी रात्री दाब उतरणारे आणि न उतरणारे असे रुग्णांचे दोन गट पाडले. न उतरणाऱ्यांत पक्षाघात कितीतरी जास्त आढळला. मग जपानमधल्या ओहासामा या गावाने जगाला धडा दिला. तिथल्या साध्या नागरिकांच्या दंडाला यंत्रं बांधून चोवीस तासांचा दाब नोंदवला गेला आणि पुढे वर्षानुवर्षं कोण कशाने गेलं याची नोंद ठेवली गेली. रात्रीची उतरण पाच टक्क्यांनी कमी झाली की हृदयविकार आणि पक्षाघाताने मरण्याचा धोका सुमारे वीस टक्क्यांनी वाढतो, आणि दिवसाचा दाब सामान्य असलेल्यांनाही तो चुकत नाही, असं त्यातून निघालं. फार उतरणंही बरं नाही. वीस टक्क्यांहून जास्त उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूत नकळत होऊन गेलेल्या पक्षाघाताच्या खुणा जास्त सापडल्या, हेही जपानी डॉक्टरांनीच दाखवलं. जागेपणी १३५/८५ ही मर्यादा मानतात. झोपेत ती १२०/७० आहे. म्हणजे वॉर्डाच्या तक्त्यावर रात्री दोनला दिसणारा तो सोज्वळ १३०/८०, खरा असता तरी, सोज्वळ नसता.

हे सगळं पाठ्यपुस्तकांत आहे, परीक्षेत विचारतात, मुलं लिहितात आणि पास होतात. वॉर्डात मात्र रात्रीचा दाब का उतरला नाही असं कुणी विचारत नाही, कारण उत्तर ऐकायची आपली तयारी नाही.

एक उत्तर मेडिसिनच्या स्त्रियांच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर सापडेल. रात्रीचे दीड वाजलेत. आजींना लघवीला लागलं आहे. बेडपॅन हवा. मावशींना हाक मारावी तर त्या खेकसतात, आणि आल्याच तर हातावर काहीतरी ठेवावं लागतं. सून खाटेखाली चटईवर झोपली आहे. ती सकाळी घरचं आटपून, कामावर जाऊन, डबा घेऊन आलेली. तिला उठवायचं आजींच्या जिवावर येतं. त्या धरून ठेवतात. भरलेलं मूत्राशय रक्तदाब चढवतं, ही शरीरशास्त्रातली जुनी गोष्ट आहे. दुसऱ्या दिवशी आजी त्यावर स्वतःच इलाज काढतात: संध्याकाळी चारनंतर पाण्याचा घोट घ्यायचा नाही. आधीच दुखावलेल्या मूत्रपिंडांना आता पाणीही नाही. सकाळच्या राउंडला दाब वाढलेला दिसतो, गोळी वाढते. बाईंना रात्री बेडपॅन मिळाला नव्हता, एवढं एक वाक्य लिहायला केसपेपरवर जागा नसते.

त्या मागत का नाहीत? सत्तर वर्षं आपण त्यांना तेच शिकवलं म्हणून. सगळ्यांची पानं उठल्यावर जेवायचं, उजाडायच्या आत शेताकडे जाऊन यायचं, पाळीच्या दिवसांत कोपऱ्यात बसायचं, पोटात दुखलं तर ओवा खाऊन गप्प राहायचं. आपल्या देहाची गरज म्हणजे दुसऱ्याला त्रास, हा धडा त्यांनी इतका पाठ केला की मरणाच्या खाटेवरही तो विसरत नाही. अशा बाईला आपण ‘सोशिक’ म्हणतो आणि तिचे गोडवे गातो. वॉर्डातला पुरुष निदान ओरडतो तरी.

ओरडणाऱ्याचं काय होतं तेही पाहू. आजोबांना दाखल होऊन तीन रात्री झाल्या, झोप तासभरही सलग लागलेली नाही. चष्मा घरी राहिला, कानातलं यंत्र हरवू नये म्हणून मुलाने काढून नेलं. रात्री उजेड तोच, दिवसा उजेड तोच. ते बरळू लागतात, सलाइनची सुई उपसतात, खाटेवरून उतरायला बघतात. अशा वेळी त्यांना हवं असतं ते एक ओळखीचं माणूस, चष्मा, अंधार आणि लघवीची सोय. मिळतात ते गॉजपट्टीने खाटेच्या कठड्याला बांधलेले दोन्ही हात. नातेवाईक ते बघतात आणि ‘त्यांच्या भल्यासाठीच’ म्हणून मान डोलावतात. बांधलेला माणूस रात्रभर झुंजतो, त्याची नाडी आणि दाब दोन्ही चढतात. ज्याच्या हातांनी घर उभं राहिलं त्याचे हात बांधलेले पाहून ज्यांना काही वाटत नाही, त्यांनी पितृपंधरवड्यात कावळ्याला घास ठेवून कुणाची समजूत घालायची?

दाब खरोखर मोजला गेला आणि जास्त निघाला, की दुसरंच नाटक सुरू होतं. रात्री तीनला निवासी डॉक्टरला फोन जातो, ‘सर, एकशे ऐंशी-शंभर.’ तो छत्तीस तास जागा असतो. रुग्णाला कुठे दुखतंय का, झोप लागली आहे का, लघवी तुंबली आहे का, हे विचारायला त्राण नसतं. आकडा खाली आला की फोन थांबतो, एवढं त्याला कळतं. पूर्वी यासाठी निफेडिपिनची कॅप्सूल टोचून जिभेखाली पिळायची पद्धत होती. दाब धाडकन खाली यायचा आणि कधी कधी त्याबरोबर मेंदूचा किंवा हृदयाचा रक्तपुरवठाही. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकाने हे थांबवा असं बजावलं. आपल्या छोट्या इस्पितळांतून ही खोड अजून पुरती गेलेली नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या ६६,१४० वयस्कर रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. हे लोक हृदयविकारासाठी आलेले नव्हते, दुसऱ्याच आजारासाठी दाखल झाले होते. पहिल्या दोन दिवसांत दाब वाढलेला दिसला म्हणून ज्यांच्यावर औषधांचा मारा झाला, अशा दर पाचांतल्या एकाचे हाल उरलेल्यांपेक्षा वाईट झाले. त्यांच्यात मूत्रपिंडाची आणि हृदयाची इजा जास्त, अतिदक्षता विभागात हलवावं लागणं जास्त. मागच्या नोंदींवरून केलेला हा अभ्यास आहे, त्यामुळे गोळीनेच हे झालं असं शपथेवर सांगता येणार नाही. पण रुग्णाकडे न बघता आकड्यावर उपचार करू नयेत, एवढं सांगायला तो पुरतो.

गोळीची वेळ बदलून सुटका होईल अशीही एक आशा मध्यंतरी पसरली होती. रक्तदाबाची गोळी रात्री झोपताना घ्या, म्हणजे रात्रीचा दाब आपोआप ताळ्यावर येईल, असा एका स्पॅनिश अभ्यासाचा हवाला २०१९ नंतर घरोघरच्या व्हॉट्सॲपवर फिरला. ब्रिटनमध्ये घरी राहणाऱ्या एकवीस हजारांवर रुग्णांवर याची चाचणी घेतली गेली. २०२२ मध्ये निकाल आला: सकाळी घ्या की रात्री, हृदयविकार, पक्षाघात आणि त्यांनी येणारा मृत्यू यांत फरक पडत नाही. डॉक्टरांनी सांगितली आहे त्या वेळी घ्या, आपल्या मनाने बदलू नका. मीठ कमी केल्याने काहींची रात्रीची उतरण परत येते, हे जपानमध्येच १९९० च्या दशकात दिसलं आहे. (आणि आपण रुग्णाला भेटायला जाताना काय नेतो? ‘तोंडाला चव नाही हो त्यांच्या’ म्हणत लोणचं आणि चिवडा.) घोरता घोरता श्वास अडकणाऱ्या माणसाचा दाब रात्री वर राहतो, तरी आजोबांचं घोरणं हा घरात विनोदाचाच विषय.

खासगी इस्पितळात, वातानुकूलित अतिदक्षता विभागात आईला ठेवलं म्हणून छाती फुगवणाऱ्यांनीही फार फुगवू नये. तिथे पट्टा दर पंधरा मिनिटांनी आपोआप फुगतो, मॉनिटर रात्रभर पिंपिं करतो, दिवे मालवत नाहीत, आणि पहाटे चारला रक्त काढायला माणूस येतो, कारण लॅबचा अहवाल साहेबांच्या राउंडच्या आत हवा असतो. आकडे ढिगाने जमतात. रात्र आणि दिवस वेगळे मांडून ते वाचतो कोण? सरकारी वॉर्डात म्हातारा माणूस दुर्लक्षाने जागा राहतो, इथे बिल भरून.

हे झालं भिंतींच्या आतलं. भिंतीबाहेर तर आपण सगळेच उभे आहोत, ढोल घेऊन.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ मध्ये शुश्रूषेवर पुस्तक लिहिलं त्यात आवाजावर एक अख्खं प्रकरण आहे. जागतिक आरोग्य संघटना वॉर्डात रात्री तीस डेसिबलच्या वर आवाज नको म्हणते. आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयापासून शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र मानलं आणि तिथे रात्री दहा ते सहा चाळीस डेसिबलची मर्यादा घातली. सणासुदीला मुंबईत शंभर डेसिबलच्या पुढचे आकडे आवाज फाउंडेशनने वेळोवेळी नोंदवले आहेत. चाळीस आणि शंभर यांत फरक अडीच पटींचा वाटतो, पण ध्वनीच्या मोजपट्टीवर दर दहा डेसिबलला ऊर्जा दहापट होते. म्हणजे शंभर डेसिबलचा डीजे कायद्याच्या मर्यादेपेक्षा दहा लाख पट ऊर्जा ओततो. युरोपातल्या विमानतळांजवळ झोपलेल्या माणसांच्या दंडाला यंत्रं बांधली होती. विमान गेलं की वरचा आकडा सरासरी सहा मिलिमीटरने चढत होता, आणि माणूस जागा झाला नाही तरी चढत होता. घरच्या बिछान्यात, बंद खिडक्यांआड झोपलेल्यांची ही गत. काच फुटलेल्या खिडकीखाली पडलेल्या, मेंदूत नुकताच रक्तस्राव झालेल्या माणसाची काय असेल?

हे थांबवावं म्हणून ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर उच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट २०१६ मध्ये न्यायालयाने सविस्तर निकाल दिला, शांतता क्षेत्रात ध्वनिवर्धक नाही म्हणून बजावलं. पुढच्याच वर्षी, गणपतीच्या तोंडावर, १० ऑगस्ट २०१७ रोजी केंद्राने नियम बदलला: राज्य सरकार जाहीर करत नाही तोवर कोणतंही क्षेत्र शांतता क्षेत्र नाही. लगोलग महाराष्ट्र सरकारने न्यायालयात सांगितलं की आजमितीला राज्यात एकही शांतता क्षेत्र नाही. आपल्या हजारो रुग्णालयांभोवतीची शांतता एका वाक्यात निकालात निघाली. ज्या न्यायमूर्तींपुढे प्रकरण होतं त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप करण्यापर्यंत सरकारची मजल गेली. उच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीला दिलेली स्थगिती सर्वोच्च न्यायालयाने काही दिवसांतच थांबवली. मिरवणुका निघाल्या. आपल्यापैकी कितीजण त्या संध्याकाळी सरकारवर चिडून रस्त्यावर आले? रस्त्यावर आले ते नाचायला.

‘वर्षातून दहा दिवस तर असतात,’ हे उत्तर मला ठाऊक आहे. रुग्णालयात दाखल होण्याचा मुहूर्त म्हाताऱ्या माणसाच्या हातात नसतो, आणि दहा दिवसांत गोपाळकाला नाही, नवरात्र नाही, जयंत्या नाहीत, लग्नसराईची वरात नाही, निवडणुकीचा विजय नाही. कोणत्याही एका धर्माला, एका जातीला यातून सोडायचं कारण नाही. भोंगा आपला असला की भक्ती आणि दुसऱ्याचा असला की गोंगाट, यावर सर्वांचं एकमत आहे.

कायदा म्हाताऱ्यांच्या बाजूने नाही असंही नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचं विसावं कलम सांगतं की सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांना शक्यतो खाट मिळावी आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी राखीव सोय असावी, त्या विषयाचा अनुभव असलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. २०१०-११ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयाला दहा खाटांचा वृद्धांचा वॉर्ड मंजूर आहे. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रातला जवळपास दर दहावा माणूस साठीच्या पुढे गेला होता. त्या दहा खाटांवर आज कोण आहे, की तिथे गोदाम झालं आहे, हे कुणी बघून आलं आहे का? या कायद्याची आठवण आपल्याला होते ती फ्लॅटच्या भांडणात. आईबापाला घराबाहेर काढलं की बातमी होते. आईबाप रात्रभर जागे राहिले ही बातमी नव्हे.

प्रत्येक सरकारी रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते, तिच्यावर लोकप्रतिनिधी असतात, गावातली प्रतिष्ठित मंडळी असतात. कोनशिलेवर त्यांची नावं असतात. त्यांना विचारायला वैद्यकाची पदवी लागत नाही. रात्रपाळीला मेडिसिनच्या वॉर्डात किती सिस्टर? बीपीची मशीनं किती, शेवटची तपासणी कधी झाली? रात्री अकरानंतर वरचे दिवे मालवून खाटेजवळचा छोटा दिवा का ठेवता येत नाही? बेडपॅन मागितला तर किती वेळात मिळतो? हात बांधायची परवानगी कोण देतं आणि ती कुठे लिहिली जाते? ज्याची तब्येत स्थिर आहे त्याला रात्री दोनला उठवायचं की झोपू द्यायचं, हे कोण ठरवतं? आणि तक्त्यावर सलग तीन वेळा एकच आकडा दिसला, तर त्याखाली सही करणारा काय पाहून सही करतो?

श्रावण सरत आला की मंडळाची मुलं पावतीपुस्तक घेऊन दाराशी येतील. मिरवणूक कुठल्या रस्त्याने जाणार, त्या रस्त्यावर रुग्णालय कोणतं, आणि त्याच्या फाटकाच्या अलीकडे शंभर मीटर ते पलीकडे शंभर मीटर आवाज पूर्ण बंद ठेवणार का, हे त्यांना आधी विचारा. उत्तर पावतीच्या पाठीवर मंडळाच्या अध्यक्षाच्या सहीने लिहून घ्या. पैसे मग द्या.